पाच फुटी रीफ टाकी: सामान घेण्याआधीचे सहा महिने

मालवणला स्नॉर्कलिंग करताना पहिल्यांदा प्रवाळ पाहिलं आणि तेव्हापासून हे वेड आहे. चार वर्षं घरात दोन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी होती, त्यात क्लाउन माशांची जोडी आणि झोआ, मशरूम, एक लेदर असे सॉफ्ट कोरल, म्हणजे कठीण सांगाडा नसलेले प्रवाळ. मग मागच्या मे महिन्यात दुपारी चार तास लाइट गेली, टाकीचं तापमान ३१ अंशांच्या वर गेलं आणि झोआच्या दोन कॉलन्या ज्या मिटल्या त्या परत उघडल्याच नाहीत. फार वाईट वाटलं होतं. लहान टाकीत पाणी कमी, त्यामुळे सगळं झपाट्याने बिघडतं, तेव्हाच ठरवलं की आता मोठी टाकी करायची पण सगळं नीट आखून करायची.

माप ठरलं पाच बाय दोन बाय दोन फूट, काच १२ एमएम. आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंग जुनी आहे, त्यामुळे पहिला प्रश्न पंपाचा नाही तर स्लॅबचा होता. पाणी, काच, खडक, स्टँड, खालचा संप (स्टँडमधली फिल्टरची दुसरी लहान टाकी) सगळं धरून बेरीज ८०० किलोच्या पुढे गेली आणि ती सुद्धा जेमतेम ०.९ चौरस मीटर जागेवर. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचं वजन) धरून डिझाइन करतात. अर्थात तो आकडा पूर्ण खोलीवर पसरलेल्या वजनाचा असतो, म्हणून नुसता भागाकार करून घाबरायचं पण नाही आणि अंदाजाने ठेवून पण द्यायचं नाही. ओळखीच्या आरसीसी कन्सल्टंटना घरी बोलावलं, त्यांनी बीम कुठून जातो ते बघितलं आणि खिडकीखालची माझी आवडती जागा रद्द करून टाकी हॉलच्या आतल्या भिंतीला, बीमवर, लांब बाजू भिंतीला लागून ठेवायला सांगितलं. खालच्या काकूंना मी स्वतः जाऊन हे सांगून आलो, त्या म्हणाल्या "विचारून करतोयस ना, मग कर".

पुढचा निर्णय कायद्यामुळे सोपा झाला. आपल्याकडे २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. कोणी कितीही "पेपर आहेत" म्हणालं तरी मी त्या वाटेला जात नाही आणि जाऊ पण नये, मालवणचं ते प्रवाळ डोळ्यांसमोर असताना तर नाहीच. सॉफ्ट कोरलच ठेवायचे म्हटल्यावर सामानाची यादी एकदम कमी झाली. कॅल्शियम रिअॅक्टर नको, डोसिंग पंप नको (दोन्ही पाण्यात कॅल्शियम वगैरे घालत राहतात), आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की भागतं. लाइट पण फार तगडी लागत नाही, झोआ आणि मशरूमना ५० ते १५० पार (PAR, कोरलला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो, त्यामुळे मध्यम ताकदीच्या दोन एलईडी घेतल्या आणि वाचलेले पैसे चिलरकडे, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राकडे वळवले.

चिलरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आपल्या हवेत हीटर जवळपास लागतच नाही, चिलर मात्र लागतोच, आणि एक गोष्ट खूप जण विसरतात की चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो. बंद स्टँडमध्ये ठेवला तर तीच गरम हवा तो परत ओढतो आणि दिवसभर चालूच राहतो. मी भिंतीला भोक पाडून पाइप ड्राय बाल्कनीत नेला आणि १/३ एचपीचा चिलर तिकडे ठेवला. पाइप लांबला म्हणून त्याला वेगळा पंप द्यावा लागला पण हॉल गरम होत नाही आणि आवाज पण नाही.

मग विजेचा हिशोब. स्किमर (फेसातून घाण काढणारा), रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टाकीत चढवणारा) आणि वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारे) मिळून १२० वॅट चोवीस तास, म्हणजे दिवसाला जवळजवळ ३ युनिट, लाइट दीड युनिट, चिलर उन्हाळ्यात साडेतीनच्या आसपास. महिन्याला २४० युनिट नुसत्या टाकीचे आणि घरचे वेगळे, महावितरणचं बिल ३०० युनिटच्या वर गेलं की दर पण चढतो, म्हणून हे घरात आधी बसून सगळ्यांशी बोललो. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर जोडलेत, कारण लाइट गेली की आधी ऑक्सिजनचा प्रश्न येतो. टाकीच्या सगळ्या सॉकेटना वेगळा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) लावला, खारं पाणी आणि करंट यात तडजोड नाही.

आता संप. हे जरा सविस्तर लिहितो कारण इथेच माझी चूक झाली. संप ९० बाय ४० सेमीचा, उंची ४० आणि चालू असताना पाणी २४ सेमी, म्हणजे वर १६ सेमी मोकळे, त्यात ५७ लिटर मावतात. रिटर्न पंप बंद झाला की वरच्या टाकीतलं पाणी नोझलच्या, म्हणजे पाणी टाकीत सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडाच्या पातळीपर्यंत उलटं खाली येतं. वरच्या टाकीत १ सेमी म्हणजे साधारण साडेआठ लिटर पाणी. माझं नोझल पाण्याखाली ८ सेमी होतं, म्हणजे ६८ लिटर, शिवाय ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी संपमध्ये उतरतं त्या कप्प्याच्या) दात्यांवरचं आणि पाइपातलं मिळून १२, एकूण ८०. मी पाइपाला सायफन तोडायचं, म्हणजे हवा आत घेऊन हे उलटं वाहणं थांबवायचं बारीक भोक पाडलं होतं आणि त्याच्या भरवशावर हे गणितच केलं नव्हतं. साध्या नळाच्या पाण्यावर टेस्ट घेतली, पंप बंद केला, गुडघ्यावर बसून संपकडे बघत होतो, पाणी चढत चढत काठाला आलं आणि थांबलंच नाही. भोकात पाइप कापतानाचा पीव्हीसीचा भुगा अडकला होता. २० लिटरच्या वर पाणी फरशीवर, बायको आणि आई दोघी जुनी बेडशीटं घेऊन धावल्या. खारं पाणी भरलेलं नव्हतं हे खूप बरं झालं. नंतर नोझल वर घेऊन पाण्याखाली २ सेमीवर आणलं, आता पंप बंद केला की ३० लिटर खाली येतं आणि संपमध्ये आरामात बसतं. भोक आहेच पण त्याच्यावर भिस्त नाही, मीठ आणि शेवाळाने ते कधीतरी बुजणारच.

रिटर्न पंप घेताना खोक्यावरचा आकडा धरू नका. माझ्या पंपावर तासाला ६००० लिटर लिहिलंय, दीड मीटर उंची आणि चार एल्बो धरून बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं तर ३००० च्या आसपास येतं, आणि मला तेवढंच हवं होतं. कोरलला लागणारा प्रवाह वेव्हमेकर देतात, ते काम रिटर्न पंपाचं नाही.

पाण्यासाठी आरओ फिल्टर आणि त्याच्यापुढे उरलेले क्षार काढणारा डीआय, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य आल्याशिवाय एक थेंब टाकीत जात नाही. पहिल्या भरणीला २० किलो मीठ लागलं, खारटपणा हजारी ३५ वर आणला. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) मात्र पहिल्या दिवसापासून लावा, कारण उडतं ते फक्त गोडं पाणी, मीठ टाकीतच राहतं आणि दोन दिवस दुर्लक्ष झालं की खारटपणा चढतो.

कोरडे खडक टाकून आता तीन आठवडे झालेत, टाकीत घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायची वाट बघतोय. अमोनिया शून्यावर आलाय, त्याच्या पुढची पायरी नायट्राइट अजून दिसतंय, आणि दोन्ही माशांना विषारी. जुन्या टाकीतलं लेदर गेल्या आठवड्यात परत फुलायला लागलंय, नायट्राइट शून्य आलं की आधी क्लाउनची जोडी इकडे आणेन, दोन्ही हॅचरीतच वाढलेले आहेत, आणि त्यांच्यानंतर लेदर.