जागेवाल्याला विचारून

बँकॉकमधल्या आमच्या ऑफिसच्या मागे नवी इमारत उभी राहतेय. खोदकाम सुरू व्हायच्या आधी पांढऱ्या कपड्यांतले पुरोहित आले आणि आवारातलं एका खांबावरचं छोटं देऊळ विधिपूर्वक दुसऱ्या जागी हलवलं. इंजिनिअरपासून सफाईवाल्या मावशींपर्यंत सगळे हातात उदबत्ती घेऊन उभे होते. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, तर आतेभावाचा लगेच मेसेज: "तिथेही अंधश्रद्धा आहेच म्हणायची!" मला ते फार लागलं.

या देवळाला इथे 'सान फ्रा फूम' म्हणतात. फूम म्हणजे आपली भूमीच. बोलताना मात्र 'चाओ थी' म्हणतात, म्हणजे जागेचा धनी. आपल्या कोकणातला राखणदार, जागेवाला, तोच हा. कथा अशी की थोतसरात राजाला नऊ मुलगे. एक घरं राखतो, बाकीच्यांकडे दारं-जिने, गोठे, कोठारं, शेतं. घर राखणाऱ्याच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात पैशांची थैली. मूळ घराची सावली त्याच्या देवळावर पडू द्यायची नाही. रोज झेंडूच्या माळा, केळी, आणि लाल सरबताची बाटली, तीही स्ट्रॉ घालून. राचप्रसोंगच्या चौकात हॉटेल बांधताना अपघात होत राहिले, म्हणून 1956 मध्ये तिथे चक्क ब्रह्मदेवाची स्थापना केली. आज चकचकीत मॉलच्या गर्दीत सुटाबुटातली माणसं तिथे हात जोडतात, आणि कुणाला त्याचा संकोच नाही.

हेच मला आवडतं. आपल्याकडे सिंधुदुर्गात राखण देतात, गाऱ्हाणं घालतात, अख्खा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. तोच चाकरमानी लालबागला परतला की ह्या गोष्टी चारचौघांत काढत नाही.

पण मुंबईला उगाच नावं ठेवू देणार नाही. वरळीच्या गोल्फादेवीला कोळी आजही कौल लावतात. ग्रँट रोडची गावदेवी एवढ्या गजबजाटात टिकून आहे. मुंबादेवीलासुद्धा अठराव्या शतकात बोरीबंदरची जागा सोडावी लागली, तरी शहर तिचंच नाव लावतं. जिथे माणसालाच दहा बाय दहाची खोली, तिथे अंगणात खांब रोवणार कुठे? थायलंडला जागा आहे, म्हणून तिथे हे दिसतं, एवढाही फरक आहे.

मीही रोज सकाळी ऑफिसच्या त्या देवळापाशी एक माळ ठेवतो. कुणी म्हणेल परदेशात जाऊन बदलला. परक्याच्या जागेत राहायचं तर धन्याला विचारून राहावं, हे मला आजीनेच शिकवलंय.

आमची चाळ आता रिडेव्हलपमेंटला जातेय. बिल्डरच्या नकाशात जिन्याखालची देवळी कुठेच नाही, तिथे पार्किंगचा उतार दाखवलाय. बाबांना कळवलंय, पुढच्या सभेत आधी हे विचारा: देवळी कुठे हलवणार, कधी, आणि तो विधी कोण करणार? उत्तर करारात लेखी आल्याशिवाय सही करू नका.