खाडीमागून खाडी: अलिबाग ते गुहागर, एकटीने

कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या सागरी मार्गाचा, म्हणजे किनारी रस्त्याचा, अलिबाग ते गुहागर हा टप्पा या हिवाळ्यात सायकलने झाला. रेवदंडा, मुरुड, आगरदांडा, मग तरीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) दिघी. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून तरीने वेसवी. मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, आणि पुन्हा तरीने धोपावे. हा रस्ता ग्रुपबरोबर आधी केलेला होता. एकटीने केला तेव्हा तो निराळाच वाटला, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, पण त्याला फारसा जोर नसतो. जमीन तापली की दुपारकडे खारा वारा सुटतो आणि आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे पाठीवर. पाय जड होतात नेमक्या त्याच वेळी ही मदत मिळते. उलट दिशेने येणाऱ्याला तोच वारा तोंडावर झेलावा लागतो.

चढांची सवय मात्र करावीच लागते. इथे घाट लांबलचक नाहीत. खाडीच्या काठावरून रस्ता एकदम जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) चढतो, थोडा सपाट चालतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा समुद्रसपाटीला येतो. दिवसभर हेच. माझ्या सायकलला पुढे सर्वांत लहान चकती २६ दातांची आहे आणि मागे सर्वांत मोठी ३४ ची, म्हणजे चढासाठी गिअर बराच हलका. या वेळी सामान पॅनिअरच्या (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्यांच्या) एकाच जोडीत बसवलं, तंबू घरी ठेवला आणि टायर ३५ मिलिमीटर रुंदीचे घातले. त्यामुळे दिघीनंतरचा चढ सायकलवरून न उतरता पार झाला. ग्रुपमध्ये असताना अशा चढावर मी पुढच्याचं चाक बघत दम टाकायची. आता श्वासाची लय सापडली की मान वर करून बघता येतं: दोन्ही बाजूंना तासलेला लालभडक जांभा, त्याच्या भोकांत अडकलेली वाळकी पानं, वर करवंदीच्या जाळ्या. वेग ताशी ५-६ किलोमीटर. त्या वेगाला सगळं दिसतं.

सगळ्यात जास्त आनंद मला तरीच्या धक्क्यावर मिळतो. ग्रुपमध्ये तरीची फेरी चुकली की चुळबुळ सुरू व्हायची. कुणाला जेवण गाठायचं असायचं, कुणाला पुढचा मुक्काम. एकटीला ती थांबण्याची वेळ आयती मिळते. बागमांडल्याला समोर सावित्रीचं रुंद पात्र आणि पलीकडे बाणकोटचा डोंगर. सायकल भिंतीला टेकवून चेनवरची धूळ फडक्याने पुसली, दोन थेंब तेल दिलं, बाटलीतलं कोकम संपवलं. तर धक्क्याला लागली, लोखंडी फळी खणकन काँक्रीटवर पडली, गाड्या उतरल्या. तरीवरच्या दादांनी न सांगता सायकल कठड्याकडे घेतली आणि दोरीचा एक वेढा दिला. "ताई, ब्रेक दाबून उभ्या राहा, मधे हलते जरा." बाकी सगळे गाडीच्या काचांआड बसलेले असताना खाडीचा वारा अंगावर घेत उभं राहायला मिळणं हे सायकलवाल्याचंच सुख आहे.

दुसरं म्हणजे माणसं. आठ जणांच्या घोळक्याला गाव लांबून बघतं. एकट्या बाईला मात्र विचारपूस चुकत नाही, आणि मला ती आवडते. श्रीवर्धनच्या एका आळीत अंगणभर सुपारी वाळत घातली होती, पिवळ्या-केशरी रंगाची, सालासकट. पाणी मागायला थांबले. काकू म्हणाल्या, "एकटीच गं? आधी बस, मग पाणी पी." मग पाण्याबरोबर गूळ आला, त्यामागून घावन आणि चटणी. रोठा जातीची सुपारी कशी निवडतात, वादळात मोडलेल्या पोफळी पुन्हा उभ्या राहायला किती वर्षं लागतात, हे त्यांनी सांगितलं. २०२० सालच्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या होत्या. मागच्या बाजूची नवी लागवड त्यांनी स्वतः फिरून दाखवली. तिथे तास कसा गेला कळलं नाही, आणि मला कुणाला काही कळवायचंही नव्हतं.

आडे-पाडळे ते आंजर्ले या तुकड्याबद्दल एवढंच सांगते की तो सकाळी लवकर करा. रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो आणि वर्दळ नसते.

सोबत काय होतं असं काही जणींनी विचारलं होतं. दोन ट्यूब, पॅच, हातपंप, चेन जोडायची कडी, ब्रेकची आणि गिअरची एकेक केबल. मुक्काम रोज सूर्य मावळायच्या आधी. घरगुती खोल्या जवळजवळ सगळ्या गावांत आहेत, पण सकाळी फोन करून जेवण सांगून ठेवावं लागतं. तरीच्या शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावरच विचारून घ्या.

गुहागरहून चिपळूण गाठून कोकण रेल्वेने परतले. पुढचा टप्पा हेदवी, तवसाळ, तरीने जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी असा. मधे वेळणेश्वरला एक पूर्ण दिवस थांबायचं ठरवलंय. फेब्रुवारीत, उन्हाळा चढायच्या आत निघेन. पुढची चकती २४ ची बसवून घेतेय, हेदवीच्या आसपासचे चढ तीव्र आहेत.