ईमॅक्समधल्या टूलटिप: माउस थांबेल तिथे अर्थ

गेल्या नोंदीत म्हटलं होतं की ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधल्या माझ्या टिपणांतल्या लघुरूपांवर माउस नेला की पूर्ण अर्थ दिसायला हवा. ‘पु.त.’वर नेला की ‘पुन्हा तपासणे’, ‘अनि.’वर नेला की ‘अनिर्णित’. आता हे जमलंय आणि रोजच्या वापरात आहे.

मुळाशी एकच गोष्ट आहे: हेल्प-इको नावाची टेक्स्ट प्रॉपर्टी, म्हणजे मजकुराला जोडता येणारी अदृश्य माहिती. मजकुराच्या तुकड्याला ती चिकटवली की माउस तिथे थांबल्यावर टूलटिप, म्हणजे अर्थाची छोटी चौकट, दिसते. तिची किंमत म्हणून साधी स्ट्रिंग (ठरलेला मजकूर) देता येते किंवा फंक्शन (दर वेळी चालणारा कोड). मी आधी स्ट्रिंगच दिली होती. पण अर्थांची यादी बदलली तरी आधीच प्रॉपर्टी चिकटवलेल्या मजकुरावर जुनाच अर्थ दिसत राहायचा, म्हणून फंक्शनकडे वळलो. त्याला विंडो (खिडकी), ऑब्जेक्ट (प्रॉपर्टी जिथे आहे ते) आणि पोझिशन (जागेचा आकडा) असे तीन आर्ग्युमेंट, म्हणजे चालताना पुरवलेल्या तीन गोष्टी, मिळतात. त्या जागेवरचं लघुरूप वाचायचं, हॅश टेबलमध्ये (लघुरूप आणि अर्थ यांच्या जोड्यांच्या यादीत) शोधायचं आणि अर्थ परत द्यायचा. निल (‘काही नाही’) परत दिलं तर काहीच दिसत नाही, म्हणजे न सापडलेल्या शब्दांची वेगळी सोय करावी लागत नाही.

इथेच दोन संध्याकाळी गेल्या. एका खिडकीत सगळं बिनचूक चालायचं. स्क्रीन दुभागली, कर्सर डावीकडे ठेवला आणि माउस उजवीकडच्या ‘अनि.’वर नेला, तर कधी भलताच अर्थ, कधी काहीच नाही. पोझिशनचा आकडा छापून पाहिला, तो बरोबर होता. मग लक्षात आलं, आकडा उजव्या बफरमधला (बफर म्हणजे खिडकीत उघडलेला मजकूर) आहे आणि माझं फंक्शन मात्र डाव्या बफरमध्ये त्या आकड्यावर जाऊन शब्द वाचतंय. फंक्शन चालतं तेव्हा चालू बफर हा निवडलेल्या खिडकीचा असतो, माउसखालचा नाही. पहिल्या आर्ग्युमेंटमधल्या विंडोचा बफर काढला, वाचन विथ-करंट-बफरमध्ये गुंडाळलं, म्हणजे तेवढ्यापुरता तो बफर चालू धरला, आणि आत कर्सर मूळ जागी परत आणणारं सेव्ह-एक्स्कर्शन टाकलं. ते नसेल तर माउस फिरवताना कर्सर उड्या मारतो, तेही अनुभवलं.

लघुरूपात टिंब असतं, त्यामुळे ‘शब्द’ मागितला तर ‘पु.त.’मधलं नुसतं ‘पु’ हाती येतं. म्हणून मोकळी जागा लागेपर्यंत मागेपुढे सरकून सगळा तुकडा उचलतो.

प्रॉपर्टी चिकटवायचं काम फाँट-लॉककडे, म्हणजे मजकूर रंगवणाऱ्या ईमॅक्सच्या सोयीकडे, दिलंय. लघुरूप अर्धं खोडलं तरी उरलेल्या अक्षरांवर टूलटिप चिकटून राहायची, कारण फाँट-लॉक आपणहून फक्त फेस (अक्षरांचा रंग-आकार) काढून टाकतो. फाँट-लॉक-एक्स्ट्रा-मॅनेज्ड-प्रॉप्समध्ये हेल्प-इको घातलं की तीही साफ होते. ही ओळ विसरू नका.

आता वेळेबद्दल, कारण माझ्या मते टूलटिप वाचनाला मदत करते की आड येते ते इथेच ठरतं. टूलटिप-डिले, म्हणजे चौकट उघडण्याआधीची वाट, मुळात ०.७ सेकंद आहे. मी उत्साहाने ०.२ केला आणि दिवसभर वैतागलो. माउस नुसता ओलांडून गेला तरी चौकट उघडायची आणि खालची ओळ झाकायची. शेवटी ०.५वर स्थिरावलो. एक टूलटिप दिसून गेल्यावर लगेच दुसरीकडे माउस नेला तर टूलटिप-शॉर्ट-डिले लागू होतो. तो मूळचा ०.१च ठेवलाय आणि तो फार विचारपूर्वक ठरवलेला वाटतो. एका परिच्छेदातली चार लघुरूपं पाहताना दर वेळी ताटकळावं लागत नाही. टूलटिप-हाइड-डिले १० सेकंदांवरून ३० केला, कारण माझे काही अर्थ तीनचार ओळींचे आहेत आणि वाचता वाचता चौकट मिटायची.

दिसण्याचं काम सोपं होतं, फक्त एक अडसर होता. टूलटिप नावाचा फेस बदलूनही काही फरक पडेना. ईमॅक्सच्या जीटीके बिल्डमध्ये (खिडक्या-बटणं काढणारी जीटीके लायब्ररी वापरून बनवलेल्या आवृत्तीत) चौकट जीटीके काढतं आणि फेसकडे पाहतच नाही. ईमॅक्स २९पासून यूझ-सिस्टिम-टूलटिप्स हा व्हेरिएबल निल केला की ईमॅक्स स्वतःची चौकट काढतो. मग अक्षरं थोडी मोठी केली. वेलांट्या आणि जोडाक्षरं आता न ताणता वाचता येतात. मूळची फिकट पिवळी पार्श्वभूमी तशीच ठेवली, मला ती आवडते.

आज सकाळी आणखी एक गोष्ट सापडली. लघुरूपावर कर्सर ठेवून कंट्रोल-एच आणि मग टिंब दाबलं की हाच अर्थ खाली इको एरियात, म्हणजे तळाच्या संदेशाच्या ओळीत, येतो. तेच फंक्शन, वेगळा कोड शून्य. टायपिंग चालू असताना माउसकडे हात न्यायची गरजच उरली नाही. आता हेल्प-ॲट-पॉइंटची आपोआप दाखवायची सोय चालू करून पाहतोय, कर्सर थांबला की अर्थ दिसावा म्हणून. तिचा वेळ किती ठेवायचा, यावर या आठवड्यात काम करेन.