चौकोनी कान

अर्जासोबत फोटो चढवायचा होता. मर्यादा ५० केबीची आणि माझा फोटो साडेतीन एमबीचा. मी आपली फाइल झिप केली. आकार जवळजवळ होता तेवढाच! वर, अर्जाला झिप चालत नव्हती ते वेगळंच.

बिचाऱ्या झिपचा दोष नव्हता. झिप म्हणजे घडी घालणं. मजकुरात एखादं वाक्य पुन्हा आलं, तर ते पुन्हा न लिहिता ‘इतकं मागे जा, तिथून इतकी अक्षरं उचल’ एवढंच टिपून ठेवायचं. ही लेम्पेल आणि झिव्ह या संगणकशास्त्रज्ञांची १९७७ सालची युक्ती. तिच्या जोडीला हफमनची: वारंवार येणाऱ्याला तोकडा संकेत, क्वचित येणाऱ्याला लांबलचक. हफमनला हे सुचलं ते विद्यार्थी असताना, परीक्षेऐवजी निबंध लिहायची मुभा मिळाली म्हणून. (परीक्षा चुकवण्याच्या माझ्या खटपटींतून असलं काही निघालं नाही.) घडी उलगडली की काना-मात्रेसकट सगळं परत. पण माझा फोटो जेपेग, म्हणजे ‘.jpg’वाली फाइल. तिची घडी आधीच घातलेली असते. झिप तिथे काय करणार?

आणि जेपेग नुसती घडी घालत नाही, सामानही टाकून देतं. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातले बारकावे छाटतं. डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाला कात्री जास्त. मला काय दिसणार नाही, हे कुणीतरी १९९२ सालीच ठरवून टाकलंय! राग यायला हवा, पण सेव्ह करताना द्यायचा गुणवत्तेचा आकडा ९० वरून ७० वर आणला तरी मला खरंच काही दिसलं नाही.

मग हावरटासारखा थेट १० वर गेलो. खरं तर आधी फोटोची लांबी-रुंदी कमी करायची असते. फोटो तीनशे ठिपके रुंद केला की गुणवत्तेला फारसा हात लावावाच लागत नाही. हे मला अर्ज भरून झाल्यावर कळलं. तोवर ४८ केबी झाले होते, आणि मी ‘सेव्ह’ दाबलं होतं. मूळ फाइलवरच.

आता तेवढाच फोटो उरलाय. मोठा करून पाहिला, तर डाव्या कानाच्या कडेला चौकोन मोजता येतात. सहा आहेत.