चार दारांची व्हॅलियंट आणि तिचा क्लेम

मी अमेरिकेत, ओहायोतल्या टोलेडोच्या आसपास गाड्यांचे इन्शुरन्स क्लेम बघतो. म्हणजे गाडी ठोकली की बॉडी शॉपमध्ये जायचं, नुकसान किती ते लिहायचं आणि दुरुस्त करायची की टोटल, म्हणजे गाडी गेली असं धरून मालकाला तिची किंमत द्यायची, ते ठरवायचं, आपल्याकडे सर्व्हेयर म्हणतात तेच काम. रोज त्याच करड्या एसयूव्ही आणि तेच सेन्सर भरलेले प्लॅस्टिकचे बंपर बघून कंटाळा येतो, त्यामुळे गेल्या हिवाळ्यात लिस्टवर "१९६५ प्लायमाउथ व्हॅलियंट, फोर डोअर" दिसलं तेव्हा वाटलं कुणीतरी वर्ष टाइप करताना घोळ घातलाय.

घोळ नव्हता. फिक्कट निळी, चौकोनी, रंग उडालेला पण पत्रा शाबूत, आणि डावं मडगार्ड एका पिकअपने पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना आत दाबलेलं. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, गाडी नवऱ्याने नवी घेतलेली. आता तुम्ही म्हणाल क्लासिक कार आहे, भरपूर किंमत असेल. तिथंच तर गंमत आहे. १९६४ च्या एप्रिलमध्ये फोर्डच्या मस्टँगच्या दोनेक आठवडे आधी बाजारात आलेली प्लायमाउथ बॅराकुडा याच व्हॅलियंटवर बेतलेली, पुढचा बराचसा पत्रा तोच, पण बॅराकुडाला लोक पैसे मोजतात आणि हिला नाही. दोन दारं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन किंवा निदान उघडं छत पाहिजे. चार दारं आणि सहा सिलिंडर म्हणजे शाळेच्या बाईंची गाडी, आजीची गाडी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचे सुटे भाग अख्ख्या गाडीपेक्षा महाग, म्हणून लोक दोन दारांची वाचवायला चार दारांची फाडतात. शॉपच्या मालकाची नजरही काचेवर आणि उजव्या मडगार्डवर होती, म्हणाला टोटल कर, सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे भंगाराच्या भावात, मी घेतो. लपवून काही बोलला नाही, त्याचा धंदा आहे.

मी १९८५ ला इथं शिकायला आलो तेव्हा माझ्याकडे १९६९ ची व्हॅलियंट होती, तीही चार दारांची. तेव्हा ती क्लासिक वगैरे नव्हती, भंगार होती, म्हणून परवडली. इथं बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात त्याने मडगार्डं खालून झडलेली, फ्लोअरला भोक पडलेलं त्यावर मी पत्रा ठोकला होता. पुढे तीन मागे तीन अशी सहा जणं बसून आम्ही डेट्रॉइटकडे डाळ-तांदूळ आणायला जायचो, मध्ये गिअरच्या दांड्याची भानगड नाही कारण दांडा स्टीअरिंगलाच. हीटर लागेपर्यंत रेक्झिनची सीट बर्फासारखी. कुणी वळून बघायचं नाही त्या गाडीकडे, पण शून्याच्या खाली पण चालू व्हायची, बाकी आम्हाला काय पाहिजे होतं.

तर शॉपमधल्या पोराने सेल्फ मारला आणि तो आवाज आला. प्लायमाउथ ही क्रायस्लरचीच, आणि त्या काळच्या क्रायस्लरच्या स्टार्टरमध्ये आत गिअर असायचे, त्यामुळे एक चिरका, घसरत जाणारा आवाज यायचा, कंपनीच्या गावावरून लोक त्याला हायलंड पार्कचा हमिंगबर्ड म्हणायचे. चाळीसेक वर्षांनी ऐकला असेन पण पाठीतून सण्णकन् काहीतरी गेलं राव.

इंजिन लगेच पकडलं, आणि पोराने किल्ली सोडली की बंद. परत सेल्फ, परत पकडलं, सोडली की बंद. "असंच करतेय," तो म्हणाला, "धक्क्याने वायरिंग गेलंय बहुतेक." शॉपच्या एस्टिमेटमध्ये हार्नेस, म्हणजे वायरिंगचा अख्खा जुडगा, आणि इग्निशनच्या नावाने तासच्या तास लावले होते, आणि गाडी टोटलमध्ये जात होती ती त्या तासांमुळेच. आमचं गणित साधं आहे, दुरुस्तीचा खर्च अधिक भंगाराची किंमत ही गाडीच्या किमतीच्या वर गेली की टोटल.

पण हे दुखणं मला तोंडपाठ. सेल्फ मारताना कॉइलला, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पाडायला व्होल्टेज वाढवते तिला, बॅटरीचा पूर्ण करंट थेट जातो, किल्ली सोडली की तोच करंट बॅलास्ट रेझिस्टरमधून कमी होऊन जातो, नाहीतर कॉइल आणि तिचा करंट चालू-बंद करणारे पॉइंट्स जळतील. तो रेझिस्टर तुटला की गाडी बरोबर अशीच वागते. बॉनेट उघडलं. इंजिन तीस अंश उजवीकडे कललेलं, त्याचं नावच स्लँट सिक्स, आणि मागच्या पत्र्यावर बोटाएवढा पांढरा चिनीमातीचा तुकडा, मधोमध तडकलेला. म्हटलं ग्लव्हबॉक्स बघ. पोराला वाटलं कागद मागतोय. आत टिश्यूत गुंडाळलेला नवा रेझिस्टर होताच, त्या काळच्या क्रायस्लरवाल्यांच्या ग्लव्हबॉक्समध्ये हमखास असायचा, माझ्यापण होता. एक स्क्रू, दोन वायरी. गाडी चालू झाली आणि चालू राहिली, शिवणयंत्रासारखी टकटक करत.

मग तो उत्साहात डावं चाक काढायला इम्पॅक्ट गन घेऊन धावला आणि मी ओरडलोच, अरे थांब! डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे आहेत, नेहमीसारखे फिरवलेस तर स्टड मोडतील. त्याला खोटं वाटलं. स्टडच्या टोकावर कोरलेला एल अक्षर दाखवला तेव्हा त्याने आधी फोटो काढला, मग हाताने पाना लावला.

मडगार्ड बोल्टवर आहे, उतरवून ठोकून सरळ होणार होतं, त्या जुन्या पत्र्यात तेवढा दम आहे. हार्नेस वगळल्यावर एस्टिमेट खाली आलं. मग वरून फोन, सेम गाड्या कितीला विकल्या गेल्या ते दाखवा. आता दाखवणार काय, चार दारांच्या विकायला येतच नाहीत, फाडल्या जातात नाहीतर अशा घरात असतात. बाईंनी क्लासिकची पॉलिसी घेतली असती तर किंमत आधीच ठरलेली असती, पण त्यांच्या लेखी ती क्लासिक नव्हतीच, साधी पॉलिसी, साधी गाडी. शेवटी दोन दारांच्या, सहा सिलिंडरच्या तीन गाड्या शोधल्या, दोन दारांमुळे मिळणारे जास्तीचे पैसे वजा केले, इतकी लांब नोट मी एरवी लिहीत नाही. पास झालं.

बाईंना फोन केला. किंमत किती लावली हे त्यांनी विचारलंच नाही. "ग्लव्हबॉक्समधला पार्ट वापरलात ना, मग तिथं दुसरा ठेवा," म्हणाल्या, "ते गेल्यापासून मी तो कधी रिकामा ठेवलेला नाही." मी दुकानातून आणून ठेवला, काही डॉलरची वस्तू. क्लेममध्ये लावला नाही, कारण कुठल्या रकान्यात टाकायचा तेच कळेना.