पिस्तूल देणारी आई

‘दीवार’ काल रात्री पुन्हा पाहिला. १९७५ सालचा, यश चोप्रांचा, सलीम-जावेदने लिहिलेला. लोकांच्या लक्षात राहतात ते पुलाखालचे दोघे भाऊ. मी मात्र दरवेळी पावाच्या प्रसंगापाशी अडकते.

पळणाऱ्या चोरावर इन्स्पेक्टर रवी गोळी झाडतो. पायाला लागते. जवळ जाऊन बघतो तर कोवळा पोरगा, आणि चोरलाय काय, तर पाव! रवी खायला घेऊन त्याच्या घरी जातो. मुलाची आई त्याला फाडफाड बोलते आणि त्यात तिचं काहीच चुकत नाही. पण म्हातारे वडील, निवृत्त मास्तर, चोरी ती चोरीच म्हणतात. ए. के. हंगल किती हळू आवाजात बोलतात ते! रवी झालेल्या शशी कपूरचा चेहरा त्या दोन मिनिटांत बदलतो. तस्कर झालेल्या भावाची, विजयची फाईल हातात घ्यायचं बळ त्याला तिथे मिळतं, वरिष्ठांच्या हुकमाने नव्हे.

आणि मग निरुपा रॉय, दोघांची आई. स्वतःच्या हाताने रवीला पिस्तूल देते, गोळी झाडताना तुझा हात कापू नये म्हणते, आणि तिथून निघते ती देवळात, विजयची वाट पाहायला. सगळे तिला कायद्याच्या बाजूची आई म्हणतात. मला ते पटत नाही. तिने दोन्ही मुलांना धरून ठेवलंय. मरताना विजयचं डोकं तिच्याच मांडीवर असतं.

काल तिथे पुन्हा रडले.