न दिलेलं पारितोषिक

शनिवार, रात्री दीड

आत्ताच भाचीचा फोन ठेवला. "मावशी, आम्ही नाही आलो," एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसते मागचे आवाज. ढोल, कुठल्याशा कॉलेजच्या नावाचा घोष, टेम्पोत नेपथ्य चढवणाऱ्या मुलांची ओरड. त्यांच्या एकांकिकेला काहीच मिळालं नाही. सांघिक नाही, वैयक्तिक नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. गेला महिनाभर सगळे यांचंच नाव घेत होते. प्राथमिक फेरीत ज्यांचा प्रयोग मध्येच अडखळला होता, तो संघ पहिला आला.

"ते चांगले होते का?" मी विचारलं.

"होते गं मावशी. आज होते."

हे बोलताना तिचा आवाज फुटला, पण बोलली खरं तेच. मला तेवढ्यानं फार बरं वाटलं. तिला तसं सांगितलं नाही. ती वेळ नव्हती.

झोप येणार नाही आता. ती नाटकाचे दिवे करते, म्हणजे प्रकाशयोजना; मीही करायचे. त्यामुळे तिचं प्रत्येक हरणं माझ्या हातांनाच आधी कळतं.

रविवार

सकाळपासून माझीच ती जुनी रात्र डोळ्यांसमोर आहे. एस. वाय. चं वर्ष. परगावची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. नाट्यगृहात दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे 12 डिमर होते, त्यातले 2 बंद. जिलेटिनचे कागद इतके महाग वाटायचे की जळून भोकं पडलेलेही टाकवत नसत. आमच्या एकांकिकेचा शेवट म्हणजे उंबऱ्यात बसलेली आई, आणि तिच्यावरचा एकुलता दिवा 90 सेकंदांत विझत जातो. संवाद नाही, संगीत नाही. मी श्वास मोजत डिमरची दांडी खाली आणायचे. घाई झाली तर ती बाई नुसती अंधारात बसलेली दिसे, उशीर झाला तर प्रेक्षक खोकायला लागत. तालमीत ते एकदाही मनासारखं जमलं नव्हतं. त्या रात्री जमलं. शेवटी तिचा फक्त एक हात उरला, मग तोही गेला, आणि नाट्यगृहात कुणी हललं नाही.

प्रयोगानंतर एक परीक्षक विंगेत आले होते. "दिवे कुणी केले?" असं विचारून, माझ्याकडे बघून, मान हलवून गेले.

निकालाच्या वेळी माझ्या मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मग माइकवरून वाक्य आलं, "प्रकाशयोजनेचं पारितोषिक या वर्षी कुणालाही देण्यात येत नाही." आणि लगेच पुढचा विभाग.

हे मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला मिळालं असतं तर मी रडले असते, चिडले असते, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला गाठून विचारलं असतं, की तू नक्की काय केलंस? चहाच्या टपरीवर त्याच्याशी भांडलेही असते. पण समोर कुणी नव्हतंच. माझं कुठे चुकलं हे विचारायला माणूस नव्हता आणि शिकायला दुसऱ्याचं काम नव्हतं. पुढची दोन वर्षं मी डिमरला हात लावला नाही.

म्हणूनच सप्टेंबर 2022 मध्ये पुरुषोत्तम करंडकाचा निकाल वाचला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकची ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासूनची. भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा'च्या आरोळ्यांनी कान बधिर होतात, रांगा लागतात, आणि अंतिम फेरीत जाणारे फक्त 9 संघ. त्या वर्षी परीक्षकांनी ठरवलं की करंडकाच्या तोडीचं एकही काम झालेलं नाही. पहिला क्रमांक जाहीर झाला, त्या संघाला रोख रक्कम मिळाली, करंडक मात्र कुणालाच नाही. स्पर्धेच्या इतिहासात असं आधी घडलं नव्हतं.

त्यावर तेव्हा किती वाद झाला! निम्मे लोक म्हणाले, बरं झालं, दर्जा राखला. मला त्यांचं म्हणणं कळतं. या स्पर्धेचा भर पहिल्यापासून लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर आहे. झगमगाटानं इथे काही लपत नाही, आणि ते खरंच मोलाचं आहे. परीक्षकांना तो अधिकारही असतो. तरी माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. निर्णय चुकला. करोनाची दोन वर्षं नुकतीच सरली होती. कॉलेजच्या नाटकात धाकटा थोरल्याचं बघून शिकतो. कोण पडदा कसा धरतो, कोण प्रॉम्प्टिंग कसं करतो, हरल्यावर रात्री संघाला कसं सांभाळायचं, हे पुस्तकात नसतं. ती साखळीच तुटली होती. ती मुलं अर्धवट अंधारात चाचपडत रंगमंचापर्यंत पोचली होती. त्यांना 'तुम्ही दुसऱ्यांपेक्षा कमी पडलात' असं सांगितलं असतं तर त्यांनी ते पेललं असतं. त्यांना सांगितलं गेलं, की त्या तोडीचं इथे कुणीच नाही.

पहिल्या आलेल्या मुलांचं काय झालं असेल त्या रात्री? जिंकलो म्हणून नाचायचं की नाही?

सोमवार, दुपारी

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हेच डोक्यात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, नाटकांना मिळणाऱ्या टोनी पुरस्कारांचा इतिहास मी कितीतरी वर्षं वाचत आलेय, मुख्यतः प्रकाशयोजनेच्या रकान्यासाठी. त्यातलं 1976 चं वर्ष मला पाठ आहे.

दिग्दर्शक बॉब फॉसीचं 'शिकागो' हे संगीत नाटक 1975 च्या जूनमध्ये ब्रॉडवेवर आलं. तालमी सुरू असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला होता, सगळं पुढे ढकलावं लागलं होतं. हा तोच माणूस, ज्यानं 1973 या एकाच वर्षात ऑस्कर, टोनी आणि एमी तिन्ही मिळवले होते. 'शिकागो'ला 11 नामांकनं मिळाली. पुरस्कार एकही नाही. शून्य. समोर होतं मायकेल बेनेटचं 'अ कोरस लाइन', मागच्या ओळीत नाचणाऱ्या अनाम नर्तकांवरचं, त्यांनी रात्रभर बसून सांगितलेल्या, टेपवर घेतलेल्या आठवणींतून उभं राहिलेलं. त्याला 12 पैकी 9. सोहळासुद्धा शूबर्ट थिएटरमध्ये, म्हणजे जिथे 'अ कोरस लाइन' रोज चालू होतं तिथेच. फॉसीच्या माणसांना त्या छताखाली बसून पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं की तुम्ही नाही.

प्रकाशयोजनेत 'शिकागो'चा ज्यूल्स फिशर हरला तो थॅरन मसर या बाईकडून. आणि तिनं काय केलं होतं? ब्रॉडवेवर पहिल्यांदा संगणकाच्या स्मरणावर चालणारा लाइट बोर्ड आणला होता. तोवर मोठ्या प्रयोगांतही पडद्यामागे माणसं हातानं दांड्या ओढायची, माझ्यासारखीच. तिच्या बोर्डमुळे डझनावारी दिवे एका क्षणात, दर प्रयोगाला अगदी तसेच बदलू लागले. नर्तक मनातलं बोलायला लागला की रंगमंचाचा रंग पालटतो, पुन्हा ओळीत उभा राहिला की झटकन मूळ पांढरा. अशा कामाकडून हरणं म्हणजे शिकायला मिळणं. फिशरला पुढे टोनी मिळत गेले, एक नव्हे, अनेक.

आणि 'शिकागो'? 1996 मध्ये ते पुन्हा उभं राहिलं, जवळजवळ नेपथ्याशिवाय. वादक रंगमंचावरच, काळे कपडे, आणि बाकी सगळं प्रकाशावर सोडलेलं. 1997 ला 6 टोनी, त्यातला एक केन बिलिंग्टनला, प्रकाशयोजनेसाठी. हे वाचलं तेव्हा मी एकटीच घरात उठून उभी राहिले होते. तो प्रयोग अजून चालू आहे, 'अ कोरस लाइन'चे 6137 प्रयोग त्यानं केव्हाच मागे टाकले. फॉसी ते पाहायला नव्हता. 1987 लाच गेला.

अजून एक आठवतं. करोनानं नाट्यगृहं बंद पडल्यामुळे 2020 चे टोनी सप्टेंबर 2021 मध्ये दिले गेले. संगीतिकेतल्या प्रमुख अभिनेत्याच्या गटात नामांकन एकच होतं, ॲरन ट्वेट. आपोआप मिळेल असं वाटावं, पण नियम असा होता की मतदारांपैकी 60 टक्क्यांनी 'हो, द्यावा' म्हणायला हवं. म्हणजे त्याच्या समोरही कुणी नव्हतं. तो जिंकला. घेताना त्याचा गळा दाटून आला होता. प्रतिस्पर्धी नसलेल्याला एवढं काय, असं ज्यांना वाटलं असेल त्यांनी कधी 'कुणालाही देण्यात येत नाही' हे वाक्य आपल्या बाबतीत ऐकलेलं नसणार. त्याच रात्री 'स्लेव्ह प्ले' हे नाटक 12 नामांकनं घेऊन रिकाम्या हातानं परतलं.

मंगळवार

संध्याकाळी भाची आली. डोळे अजून सुजलेले. ताटावर बसली आणि अर्धी पोळी तशीच ठेवून म्हणाली, "मी त्याला फोन केला होता. जिंकलेल्या संघातल्या दिवे करणाऱ्या मुलाला."

"मग?"

"तो पण घाबरलेला होता. म्हणाला, आम्हाला वाटलं तुम्हीच येणार. मग त्यानं मला त्याचं क्यू शीट पाठवलं, कुठे कुठले दिवे बदलायचे त्याची यादी." तिनं मोबाइल माझ्यापुढे सरकवला. वहीच्या पानाचा फोटो, पेन्सिलीनं खोडून खोडून लिहिलेला. मधल्या एका जागी त्यानं फक्त साइडचे दोन स्पॉट ठेवले होते, समोरून काहीच नाही. चेहरे अर्धे कापले जावेत म्हणून.

"आम्ही तिथे सगळं उजळून टाकलं होतं," ती म्हणाली. "त्याचं बरोबर आहे."

जेवण झाल्यावर ती जमिनीवर बसून त्याचं क्यू शीट स्वतःच्या वहीत उतरवत होती. मी भांडी आवरत होते. तिनं मान वर न करता विचारलं, "मावशी, तुझा तो 90 सेकंदांचा फेड... हातानं कसा करायचीस? बोर्डवर मी वेळ टाकते, तरी तो मेल्यासारखा जातो."

हे तिला कुणी सांगितलं, कोण जाणे. तिच्या आईनंच सांगितलं असणार.

मी हात पुसले, तिच्या शेजारी बसले. टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली. "पहिले 20 सेकंद काहीच खाली आणायचं नाही," म्हटलं. "फक्त तिचा श्वास बघायचा. आता तू बस त्या उंबऱ्यात."

ती उठून दारात जाऊन बसली.